रॅकेटी घटाला बसल्या

बेंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाने व्यसनाविरुद्ध पहिली सभा घेतली तेव्हा अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि बोलायच्या आधी त्यांनी तपकिरीची डबी काढली. चिमूट नाकात गेली, डोळ्यांना पाणी आलं, मग ते म्हणाले, "आपली पोरं बिघडायला लागलीत." पुढचं वाक्य शिंकेत गेलं. शेजारी बसलेल्या खजिनदारांच्या तोंडात पानाचा तोबरा होता, त्यामुळे त्यांना मान हलवण्यापलीकडे काही करता येईना. मागे बायकांच्या चटईवर आमच्या समोरच्या घरातली अक्का माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ह्यांचं नाक सुटू दे आधी, मग पोरांचं बघू."

मला हसू आलं होतं, पण हसले नाही. बिघडलेल्या पोरांत माझा थोरला होता, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

एस.एस.एल.सी.ला, म्हणजे इकडच्या दहावीला, तो गणितात नापास झाला. परत बसायचं म्हणून घरीच होता, म्हणजे जेवायला घरी आणि बाकी वेळ बाहेर. धुण्यात त्याचा रुमाल खळ घातल्यासारखा कडक लागायला लागला. त्याला सायकलच्या दुकानाचा वास यायचा. मी मनात म्हटलं, चला, पोरगं पंक्चर काढायला शिकतंय. गणित नाही तर नाही, हाताला काम तरी मिळेल. त्या आनंदात मी देवापुढे साखरसुद्धा ठेवली. मग एक दिवस नळावर अक्काने दुसऱ्याच कुणाच्या पोराची गोष्ट सांगितली. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागे पोरं बसतात, ट्यूबला लावायचं सोल्युशन रुमालावर ओततात आणि हुंगतात. कधी गांजा पण असतो. अक्का सांगत होती आणि माझी कळशी भरून वाहत होती.

यांना सांगायची सोय नव्हती. आमचे हे कटिंग मास्टर, लाकडी गज कायम हाताशी. मापं घ्यायच्या आधीच सुरू झाले असते. म्हणून मीच रुमाल पुढे धरला.

"हे काय रे?"

"सुम्ने, आई. असंच, उगीच. सगळे करतात."

"काय होतं त्याने?"

"डोकं हलकं होतं."

"तुझं आधी कुठे जड होतं?"

तो हसला आणि निघून गेला. मला जे बोलता येतं ते घरातच, आणि घरातसुद्धा त्याचा उपयोग एवढाच.

तर ती सभा. पोरांना खेळाला लावायचं, दमली की नादाला लागणार नाहीत, असं ठरलं. ते शहाणपणाचंच होतं. कोणता खेळ यावर मात्र मंडळाने तीन रविवार घालवले. एक आजोबा मल्लखांबावर अडून बसले. तेल लावलेला खांब आणि पोरगं, एवढंच लागतं म्हणाले. खांबावरून पोरगं पडलं तर कोण, असं विचारल्यावर म्हणाले, खांबाला काही होत नाही. दुसऱ्यांनी कॅरम सुचवला. त्यावर अध्यक्ष टेबलावर हात आपटून म्हणाले, "कॅरमला पावडर लागते. पावडरीच्याच विरुद्ध आपण उभे, आणि मंडळच पावडर वाटणार?" सगळे गंभीर झाले. कॅरम बारगळला.

शेवटी बॉल बॅडमिंटन ठरलं. हा इकडचा जुना खेळ. पिसांचं फूल नाही, पिवळ्या लोकरीचा चेंडू. लाकडी रॅकेट, मातीचं मैदान, मधे जाळी, दोन्ही बाजूंना पाच पाच खेळाडू. आमच्या गल्लीमागे बँकेत शिपाई असलेले एक कन्नड गृहस्थ राहत. ते तरुणपणी हा खेळ चांगला खेळलेले. त्यांना मास्तर म्हणून बोलावलं. देवळामागे लग्नाच्या पत्रावळी फेकायची जागा होती, ती झाडून लाल माती टाकली. दर्शनी फळा लावला: व्यसन सोडा, खेळ जोडा. फळ्याच्या खांबाला टेकून खजिनदार पान थुंकत.

थोरला पहिल्या दिवशी टिंगल करायला गेला. मास्तरांनी त्याच्या हातात रॅकेट दिली आणि मागच्या रांगेत उभं केलं. थोड्याच वेळात हा वाकून गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायला लागला. मास्तर जवळ आले, वास त्यांना आलाच असणार. व्यसनावर त्यांनी एक शब्द काढला नाही. म्हणाले, "अय्यो, टायरमधे हवाच नाही की रे. उद्या ये, स्वल्प भरू." हे मला अक्काच्या मुलाने सांगितलं, तोही पाचांतला एक.

दुसऱ्या दिवशी हा गेला. का, ते त्यालाच माहीत. बहुतेक राग आला होता. मग रोज संध्याकाळी जायला लागला. घरी येऊन भात असा जेवायचा की मला परत चूल पेटवावी लागे, आणि ताटावरच पेंगायचा. मी त्याचा रुमाल धुताना आधी हुंगून बघायची. एकदा वास आला, आणखी एकदा आला. मधे बरेच दिवस आला नाही. हेब्बाळला सामना होता, तिथे आमची पाचही पोरं अशी आपटली की बसमधून येताना आणि नंतर आठवडाभर चूक कुणाची यावर भांडत बसली. त्या आठवड्यात वखारीकडे फिरकायला कुणालाच सवड झाली नाही. जिंकले असते तर काय केलं असतं कोण जाणे.

मग नवरात्र आलं.

आमच्याकडे आयुधपूजेचं मोठं प्रस्थ. बेंगळुरात त्या दिवशी बसपासून तराजूपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, रस्त्यात कोहळे फुटतात आणि त्यांच्यावरून स्कूटर घसरतात. आमची गल्ली शिवणकामाची, म्हणून मशीन, कात्री, इस्त्री पूजेला बसतात. पूजेला बसलेलं आयुध उठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा नियम. पण दसरा-दिवाळी हा आमचा हंगाम, ब्लाउजांचे ढीग दारापर्यंत येतात. त्यामुळे वाडवडिलांनी सोय करून ठेवली आहे. मशीन खंडेनवमीच्या संध्याकाळी बसतं आणि दसऱ्याला उजाडलं की उठतं. एकच रात्र. देवीला तेवढं चालतं. तिलाही ब्लाउज वेळेवर लागतो.

रॅकेटींचं मात्र पहिलंच वर्ष होतं आणि त्यांना वाडवडील नव्हते. अध्यक्षांनी ठरवलं की रॅकेटी, चेंडू, जाळी सगळं घटस्थापनेलाच देवीपुढे बसवायचं. पोरांवर संस्कार होतील. घट उठतील तेव्हा रॅकेटी उठतील. मंडळाच्या हॉलमधे पाटावर लाल कापड घालून त्या मांडल्या, जाळीला झेंडूची फुलं खोवली. दिसत छान होतं.

पोरांना शाळेची सुट्टी त्याच दिवसांत. म्हणजे वर्षभरात पोरं सगळ्यांत मोकळी असतात, नेमका तेवढा काळ खेळ बंद. मास्तरांनी एकदा सांगून बघितलं. मग ते म्हणाले, तुमची देवी, तुमचं मंडळ, मी बाहेरचा.

पहिल्या माळेला थोरला दुपारभर पायरीवर बसून होता. हाताला चाळा म्हणून पंख्याने माशा मारत होता, मागच्या रांगेतून मारतात तशा. दुसऱ्या माळेला वखारीतल्या कुणाची तरी शीळ आली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी ब्लाउजला हुक लावत होते. मी पुढचा हुक घेतला. तो चपला घालून गेला. संध्याकाळी आला तेव्हा डोळे लाल होते. रुमाल त्याने धुण्यात टाकलाच नाही. मग हुंगण्यासारखं काही राहिलं नाही.

इथे अध्यक्षांबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचं साड्यांचं आणि मॅचिंगचं दुकान. आमचे हे त्यांच्याकडेच कटिंगला, आणि गल्लीतल्या आम्ही बायका घरी बसून त्यांचे ब्लाउज शिवायचो. त्यांच्याशी मी लग्नानंतर एक शब्द बोलले नव्हते. ते दारात आले की मी पडद्याआड, आणि कापड घ्यायला नुसता हात बाहेर. अण्णांना माझा हात ओळखू आला असता, तोंड नाही. त्यांना जाऊन सांगायचं की रॅकेटी उठवा, हे माझ्याच्याने होणारं नव्हतं. आणि सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, का? मग थोरल्याचं नाव निघालं असतं.

तिसऱ्या माळेला सकाळी अंघोळ करून मी मशीन पुसलं. चाकाला हळदकुंकू लावलं, सुईला फूल, पायडलजवळ नारळ. वरून त्याला माझी लग्नातली साडी पांघरली. पुढे समई लावली आणि पोळ्या लाटायला बसले.

हे आत आले. "आज काय आहे?"

"घट."

"मशीनचा? आज?"

"रॅकेटी बसल्यात ना. मग मशीन का नको? आयुध ते आयुध."

यांनी मशीनकडे बघितलं, बाजूच्या ढिगाकडे बघितलं. "दसऱ्याचा माल आहे. अण्णांना काय सांगू?"

"अण्णांनी सांगितलं तेच केलंय म्हणून सांगा."

यांच्या चेहऱ्यावर हसू आणि घाबरणं एकदमच आलं. शेवटी पोळी खाऊन दुकानात गेले आणि माझ्या अंदाजाने काहीच बोलले नाहीत.

बोलायचं काम अक्काने केलं. ती साखर मागायला आली, समईकडे बघितलं, कंबरेवर हात ठेवला. अक्काला कधी दोनदा सांगावं लागत नाही. तिचा मुलगाही दुपारी कुठे जातो ते तिला दिसत होतं.

"अगं, पण मला हे कसं सुचलं नाही? एवढी तोंडाळ मी, आणि सुचलं मुकीला!"

"अक्का, हळू."

"हळू कशाला? भक्ती आहे, चोरी थोडीच आहे. माझं मशीन पण बसतंय. बघू कोण उठवतो."

संध्याकाळपर्यंत तिने गल्ली फिरून घेतली. प्रत्येक दारात तिची कारणं वेगळी. एकीला म्हणाली देवीचा कोप होईल, एकीला म्हणाली पाठीला विश्रांती मिळेल. पाठीची गोष्ट जास्त चालली. चौथ्या माळेला सकाळी गल्लीत एकही मशीन वाजेना. इतकी वर्षं त्या खडखडाटात राहून ती शांतता कशी लागते ते कुणाला माहीत नव्हतं. म्हाताऱ्या दचकून जाग्या झाल्या. कुणाचा तरी रेडिओ पार नाक्यावरून ऐकू आला.

अण्णा दुपारी आलेच. इंदिरानगरच्या कुणा मोठ्या गिऱ्हाइकाच्या घरचं कार्य होतं, तिथले ब्लाउज अडकले होते. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बायकोचे अडकले होते. ते दारात उभे, मी पडद्याआड, अक्का मधे पायरीवर शेंगा सोलत.

अण्णा म्हणाले, "वहिनींना सांगा, मशीनला एक रात्र पुरते. आपली रीतच आहे तशी."

अक्का पडद्याकडे न बघता म्हणाली, "त्या म्हणतात, रॅकेटीला नऊ रात्री आणि मशीनला एक, हा देवीचा अपमान होतो."

मी काही म्हटलं नव्हतं.

"अहो, मशीनवर पोट आहे. रॅकेट म्हणजे काय, सुम्ने खेळ."

"त्या म्हणतात, सुम्ने खेळ तर देवळामागे एवढा मोठा फळा कशाला?"

"असं म्हणतात?"

"त्या असंही म्हणतात, की तुम्ही तपकीर—"

"अक्का!" मी म्हटलं. आवाज बाहेर गेला होता. अण्णा पडद्याकडे बघायला लागले. आता आलाच आहे तर, असं मनात म्हणून मी पडद्याच्या कडेला धरून बोलले. "अण्णा, पोरं दुपारची कुठे जातात ते तुम्हाला माहीत आहे. सभा त्याच्यासाठीच घेतलीत. देवीला नऊ दिवस रॅकेटी दिल्या तर ती काय खेळणार आहे? रॅकेटी उठवा, मशीनं उठतील."

बोलून झाल्यावर मी पडद्याची कड परत ओढून घेतली.

अण्णांनी डबी काढली, आत बघितलं आणि परत खिशात ठेवली. "बघतो," म्हणाले. "भटजींना विचारतो. मोडता येत नसतं असं."

भटजींची पत्नी आमच्याच गल्लीत शिवायची, त्यामुळे शास्त्र लवकर सापडलं. अक्षता टाकून वस्तू जरा जागची हलवली की पूजा पुरी होते, गणपतीला करतात तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीनंतर अण्णांनी सगळ्यांना सांगितलं की पहाटे देवी स्वप्नात आली आणि म्हणाली, पोरांचा खेळ हीच माझी सेवा. देवी मराठीत बोलली की कन्नडात, ते कुणी विचारलं नाही. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. अक्काने सगळ्यांत जास्त वेळ जोडले.

दुपारी मास्तर आले. चार पोरं आली. माझा नव्हता. शीळ मी ऐकली होती, तो कधीच गेला होता.

अक्काचा मुलगा सांगत आला, "काकू, चौघेच आहोत. मागे कोणी नाही. मास्तर म्हणतात, पाच नसतील तर मी घरी जातो."

मी त्याला वखारीत पाठवू शकले असते. पण तो गेला असता तर आणखी एक तिथेच बसला असता. मंडळाच्या हॉलमधे जाऊन मी पाटावर उरलेली एक रॅकेट घेतली, पदराखाली धरली आणि निघाले. नाक्यापुढे मी कधी एकटी जात नसे. बाजारातून जाताना वाटत होतं, सगळ्यांना पदराखालचं दिसतंय. रॅकेटची मूठ बाहेर आली होती, त्यामुळे बहुतेक दिसतच होतं. भाजीवाली म्हणाली, "काय ताई, मॅच आहे?"

वखारीमागे लाकडांच्या ओंडक्यांवर पोरं बसली होती. माझा भिंतीला टेकून, रुमाल मुठीत. मला बघून पटापट हात मागे गेले. वास मात्र मागे करता येत नाही.

"आई! तू इथे कशाला?"

"रॅकेटी उठल्या. खेळायला चौघेच आहेत."

"येतो नंतर. तू जा."

"बरं," मी म्हटलं, आणि एका ओंडक्यावर बसले. रॅकेट मांडीवर ठेवली. कुंकू लागलेलं, झेंडूची पाकळी तारांत अडकलेली. डोक्यावर पदर घेतला आणि जमिनीकडे बघत राहिले. मला वेगळं काही येतच नाही. चार माणसांत मी नेहमी असंच बसते.

पोरं कुजबुजली. एकाने घसा खाकरला. एकाने विचारलं, "काकू, पाणी आणू का?" मी मान हलवली. कुणाच्या तरी आईसमोर, तीही पूजेतून उठून आल्यासारखी बसलेली, रुमाल नाकाला लावायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बसल्या बसल्या एकेकाला घरी काम आठवायला लागलं.

"आई, ऊठ ना. लोक बघतायत."

"बघू देत. तू नंतर येणार ना, मी थांबते."

"किती वेळ?"

"घट उठेपर्यंत," मी म्हटलं.

त्याला एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझ्या मांडीवरची रॅकेट हिसकावली आणि तरातरा चालायला लागला. मी मागे. बाजारातून तो पुढे आणि मी पाच पावलं मागे. भाजीवालीने टोपली ओढून वाट करून दिली.

मैदानावर मास्तर घड्याळ बघत उभे होते. त्यांनी त्याचे डोळे बघितले आणि म्हणाले, "मागे." बस, एवढंच. पहिला चेंडू त्याला दिसलाच नाही. दुसरा रॅकेटच्या कडेला लागून देवळाच्या भिंतीवर गेला. मधेच तो कडेला जाऊन ओकला. मास्तरांनी तांब्याने पाणी दिलं आणि परत मागे पाठवलं. मी देवळाच्या कोपऱ्याशी उभी होते. त्याने तिथून ओरडून सांगितलं, "आई, जा ना घरी!" सगळी हसली, तोही थोडा हसला. तेव्हा मी गेले.

गल्लीत मशीनं सुरू झाली होती. मीही अक्षता टाकून मशीन जरा हलवलं आणि ढिगातला पहिला ब्लाउज घेतला. अण्णांच्या बायकोचा मुद्दाम सगळ्यांत खाली ठेवला.

तो खेळून आला तेव्हा तळहात कुंकवाने लाल, घाम पुसला तसं कपाळही लाल. कुणीतरी त्याचीच पूजा केल्यासारखा दिसत होता. आल्या आल्या ताटावर बसला. त्यानंतरही तो वखारीत गेला नाही असं मी म्हणणार नाही, गेला. पण पाचांत चार झाले की पोरं शोधायला यायची, आणि शोधायला मी पुन्हा येईन ही भीती त्यांच्याहून मोठी होती. त्या ओंडक्यांवरचा एक मुलगा, ज्याने मला पाणी विचारलं होतं, त्याला शोधायला कुणी गेलं नाही. तो पुढच्या पावसाळ्यात वारला. मंडळाने सभा घेतली. मी चटईवर होते, कोण काय बोललं ते आठवत नाही.

पुढच्या वर्षी रॅकेटी खंडेनवमीला बसल्या आणि दसऱ्याला उठल्या. अण्णा सगळ्यांना सांगत, आपली जुनीच रीत आहे.

आणि मी त्याला वखारीतून उठवून आणलं, त्या संध्याकाळी रुमाल त्याने आपणहून धुण्यात टाकला. सोल्युशनचा वास होता, घामाचा होता, कुंकू होतं, लाल माती होती. साबण जास्त लागला. लागू दे म्हटलं.